क्लचला अर्धा फेरा

२ नोव्हेंबर, रविवार

आज गाडी स्वतः धुतली. सोसायटीतला गाड्या पुसणारा माणूस एकच फडकं सगळ्या गाड्यांवरून फिरवतो आणि शेवटी त्याच फडक्याने स्वतःचं तोंड पुसतो. पाहिल्यापासून शिसारी बसली आहे. त्याला आजपासून बंद केलं.

कारणही विशेष आहे. बबीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. सोळा तारखेला, रविवारी, तिला तिथल्या खोलीवर सोडायचं आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी लेकीला मी सोडलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी सोडलं. तेव्हा स्कूटर होती, तीही मीच धुवायचो. नोकरीलाही मीच सोडणार. यात चर्चेचा प्रश्नच येत नाही.

तरी चर्चा झाली. बायकोचा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला म्हणे, त्याची नवी गाडी मोठी आहे, सामान आरामात बसेल. त्याची गाडी ऑटोमॅटिक. क्लचच नाही. ज्या गाडीत डाव्या पायाला काम नाही ती गाडी नव्हे, पाळणा. मेव्हण्याला शोभते.

आमची गाडी आतूनही तयार केली. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच आहे. लोक हसतात. लोकांच्या सीटा बघाव्यात एकदा. डाग, केस, बिस्किटांचा चुरा. आमच्या घरात वस्तू झाकून वापरतात, म्हणून टिकतात. रिमोट प्लास्टिकमध्ये, सोफ्याला कव्हर, कव्हरवर चादर. नोकरीही झाकणांचीच. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटी बघतो. काही उघडं राहिलेलं दिसलं की मला मळमळतं.

प्रश्न होता तो पायाखालचा. रबरी मॅटवर बुटांची माती बसते. हॉलच्या गालिच्याचा उरलेला तुकडा कपाटावर गुंडाळून ठेवला होता, तो काढला. मापात कापून ड्रायव्हरच्या बाजूला मॅटवर बसवला. पेडलच्या मागे पार वरपर्यंत दाबून सरकवला, कुठेही फट नको. बायको बघायला खाली आली. म्हणाली, फार जाड होत नाही का. मी म्हणालो, जाड म्हणजेच क्वालिटी. ती वर निघून गेली.

बबीचा प्रवास गालिच्यावरून होणार. समाधान.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी रिव्हर्स टाकताना गाडीने दात खाल्ले. खर्रर्र असा आवाज. शेजारचे स्कूटरवाले काका किक मारता मारता थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. जणू आवाज माझ्या पोटातून आला.

पुन्हा टाकला. पुन्हा खर्रर्र. पहिला गिअरही पडेना. दोन्ही हातांनी ढकलला तेव्हा कुठे पडला, आणि गाडीने जी उडी मारली त्यात माझा चष्मा नाकावरून घसरला.

शनिवारपर्यंत ठणठणीत असलेली गाडी, काल तर बाहेरही काढली नव्हती. हल्ली कशाचाच भरवसा राहिलेला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

मेकॅनिककडे गेलो. जाऊ नये असं वाटत होतं आणि तेच बरोबर होतं. गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नाही. जिथे जागा आहे तिथे ऑइल. त्याचा चहाचा ग्लास बॅटरीवर, ग्लासात माशी, आणि तो ती बोटाने काढून उरलेला चहा प्यायला. माझ्या देखत.

गाडीत न बसता, नुसता उभ्या-उभ्या म्हणाला की क्लच गेला असणार. प्लेट बदलावी लागेल. आणून लावा, तीन-चार दिवस लागतील, जास्तही लागतील. विचारलं, कशावरून गेला? म्हणाला, जातोच.

हे निदान. झाकणाची बॅच अशी नापास केली असती तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

शिवाय तो ऑइलचे हात घेऊन माझ्या प्लास्टिकवर बसणार होता. गाडी घेऊन तडक परत आलो. येताना तीन ठिकाणी दात खाल्ले.

ठराव : क्लच घरीच दुरुस्त करायचा. माझ्या हाताने. स्वच्छ जागेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

व्हिडिओ पाहिले. सगळा प्रकार अगदी सोपा आहे. पेडल दाबलं की एक केबल ओढली जाते, केबल ओढली की इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सुटतात, मग गिअर पडतो. केबल ढिली झाली की पूर्ण सुटत नाहीत, म्हणून खरखर. केबलच्या टोकाला नट असतो. नट आवळा, संपलं.

म्हणजे एका नटासाठी तो माशीवाला माझी गाडी आठवडाभर ठेवून घेणार होता.

व्हिडिओतल्या माणसाच्या नखांत काळं नाही. गाडीच्या इंजिनवर धूळ नाही. असा मनुष्य आमच्या गावात का नाही, असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, त्याच्या गाडीत बिघाडही नसेल. हिचा विनोद हल्ली कडवट होत चालला आहे.

निदान पक्कं : केबल ढिली. दोष वयाचा. गाडीच्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

शस्त्रक्रिया झाली.

हातमोजे, डोक्याला शॉवर कॅप, जुना शर्ट उलटा घातला. बॉनेट उघडलं आणि पहिला धक्का बसला. बाहेरून मी गाडी आरशासारखी ठेवतो आणि आत हा उकिरडा. वाळकी पानं, कुणाचे तरी केस, कबुतराचं पीस, आणि बॅटरीच्या कडेला एक पाल. बरीच जुनी. तिचा आता पापड झाला होता. मी थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

बबी वरून पाणी घेऊन आली. तिने पाल कागदात उचलून टाकली. सहज. मी म्हणालो, हात धू. म्हणाली, धुते. पण तिने धुतल्याचं मला दिसलं नाही.

नट सापडला. मूळ जागा कळावी म्हणून त्याच्यावर बायकोच्या नेलपॉलिशने खूण केली. शास्त्रशुद्ध काम. मग पान्याने अर्धा फेरा आवळला. सुरू केली, रिव्हर्स टाकला. दात खाल्ले, पण कमी. आणखी अर्धा फेरा. आणखी कमी. आणखी अर्धा.

पडला. आवाज न करता पडला.

जिना चढताना गुडघे दुखत होते, पण मन भरून आलं होतं. बायकोला, बबीला, आणि समोर दिसले म्हणून स्कूटरवाल्या काकांना सगळी प्रक्रिया समजावून सांगितली. काकांना मध्येच काहीतरी काम आठवलं. मेव्हण्याला निरोप द्यायला सांगितला की तुझ्या पाळण्याची गरज नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ट्रायल घेतली. बबी शेजारी बसली होती. गिअर बरे पडतात. क्लच मात्र पाय पार वर आल्यावर लागतो, म्हणून गुडघा स्टिअरिंगला आपटतो. सवयीने जाईल.

तिला वाटेत क्लचचं तत्त्व समजावलं. ऐकत होती. मध्येच माझ्या पायाकडे बघून म्हणाली की बाबा, तुमचा बूट गालिच्यात रुततोय. मी म्हणालो, रुतणारच, भारी गालिचा आहे. या पिढीला चांगल्या वस्तूची किंमत नाही.

मग ती खिडकीतून बाहेर बघत बसली. एरवी एवढी बडबडते. विचारलं, काय झालं. म्हणाली, काही नाही, सगळं जवळ आलं ना. मी म्हणालो, काळजी करू नकोस, तोवर गाडी एकदम फिट.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पार्किंग तळघरात आहे. बाहेर पडायला चढ. आज त्या चढावर गाडी उभी राहिली. बंद पडली नाही. उभी राहिली. ॲक्सिलरेटर दिला की इंजिन बोंबलतं आणि गाडी ढिम्म हलत नाही. मागे चार गाड्या, चारही हॉर्न.

वास सुटला. केस जळावेत तसा, त्यात कुठेतरी जळका कागद. नाकात बसला तो बसलाच. ऑफिसात डबा उघडला, डब्यालाही तोच वास. जेवण टाकून दिलं.

कशीबशी मागे घेतली आणि रिक्षाने गेलो. रिक्षाच्या सीटबद्दल लिहीत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आता सगळं स्पष्ट झालं. नट जास्त आवळला गेला. केबल ताणली की क्लच धरत नाही, घसरतो, आणि जळतो. व्हिडिओच्या शेवटी तो हे सांगतो. शेवटी सांगतो. आधी सांगायला काय झालं होतं.

अर्धा फेरा सैल केला. गाडी चढ चढली, पण गिअर दात खायला लागला. अर्ध्याचा अर्धा आवळला. गिअर पडला, चढ चढेना. पुन्हा सैल. पुन्हा आवळ. एक तर गिअर पडत नाही, नाहीतर गाडी चढत नाही. एका नटाला दोन दुखणी, आणि मधला म्हणून मुक्काम नाही.

गाडीखाली वाकलो असताना सोसायटीच्या मांजरीने माझ्या पाठीवर पाय ठेवून पलीकडे उडी मारली. ओले पाय होते. कशाने ओले, हा विचार करायचा नाही असं ठरवलं. शर्ट टाकून दिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसात आमची एक पद्धत आहे. माल खराब निघाला की बोर्डवर माशाच्या काट्यासारखं चित्र काढायचं आणि एकेका काट्यावर कारणं लिहायची. माणूस, मशीन, माल, पद्धत. ही पद्धत इथे मीच आणली. दुपारी काम कमी होतं, म्हणून क्लचचा काटा काढला.

माल : केबल निकृष्ट. मशीन : गाडी बनवणाऱ्यांनी नट चुकीच्या जागी दिला. पद्धत : व्हिडिओवाला. माणूस : मेकॅनिक. मग मेव्हण्यालाही माणसात टाकलं, मानसिक दबावाबद्दल.

हाताखालची मुलगी बोर्डाजवळ येऊन उभी राहिली. नवीनच लागली आहे, हुशार आहे, पण घाई फार. म्हणाली, सर, तुम्ही शिकवलंय ना, पहिला प्रश्न असा विचारायचा की बिघाडाच्या आधी नवीन काय बदललं?

मी म्हणालो, काहीच नाही. उलट गाडी कधी नव्हे इतकी स्वच्छ आणि व्यवस्थित होती.

तिने मान डोलावली. पद्धत चांगली आहे, पण प्रत्येक ठिकाणी लागू होतेच असं नाही, हे तिला कधीतरी सांगावं लागेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घरात वाद झाला. बायकोने भावाला परस्पर सांगून ठेवलंय, रविवारी मोकळा राहा म्हणून. माझ्यावर विश्वास नाही. मी विचारलं, कोणत्या आधारावर? ती म्हणाली, वासाच्या. पडद्यांना लागलाय म्हणे.

मी ठणकावून सांगितलं की मुलगी जाईल तर माझ्या गाडीतून. त्या पाळण्यात माझी मुलगी बसणार नाही. ती म्हणाली, गाडी मोठी की मुलगी? मी म्हणालो, हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि चुकीचाच आहे.

बबी आतल्या खोलीत बॅग भरत होती. दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला सोडायला तुम्ही हवे आहात. गाडी कुणाची का असेना."

पोरीला अजून व्यवहार कळत नाही. स्वतःच्या गाडीने जाण्यात आणि लोकांच्या गाडीने जाण्यात फरक असतो. तिथे चार माणसं बघत असतात. तिला जवळ घेऊन म्हणालो, तू फक्त बॅग भर.

ती पुन्हा आत गेली. बराच वेळ बॅगेच्या चेनचा आवाज आला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर खाली होतो. सुवर्णमध्य सापडला. नट अशा ठिकाणी आणला आहे की गिअर थोडे दात खातात पण पडतात, आणि गाडी थोडी बोंबलते पण चढते. एकदा चढली. दुसऱ्यांदा बघितलं नाही, उगाच ताण नको.

गालिच्यावर ग्रीसचा डाग पडला. माझ्याच बुटाचा. जीव हळहळला. साबण लावून घासला, आता डाग तसाच आहे आणि वर फेसाचा वास.

सामान आज खाली आणून ठेवलं. गादी, दोन बॅगा, बादली, बादलीत भांडी. बबीने बादलीवर झाकण बसवलं आणि वरून प्लास्टिक बांधलं. न सांगता. माझी मुलगी आहे.

उद्या गाडी सावकाश पण थाटात जाईल.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

लिहायची इच्छा नाही. पण सवय मोडू नये.

सामान भरलं. गादी मागच्या सीटवर, तिच्याशेजारी अंग चोरून बायको. बबी पुढे. नवा ड्रेस. गिअर पडला, एकदाच दात खाल्ले. चढाच्या तोंडाशी मी म्हणालो, बघा. आणि ॲक्सिलरेटर दिला.

चढाच्या मध्यावर गाडी थांबली. बोंबलायला लागली. मी आणखी दाबलं. इथे थोडं जास्त दाबलं गेलं असावं. बॉनेटखालून धूर आला, पांढरा, आणि तो वास, पण मंगळवारचा वास याच्यापुढे अत्तर म्हणायचा. बबीला ठसका लागला. बायको गादीमागून काहीतरी म्हणत होती, ते मी ऐकलं नाही.

मग गाडी आपली आपण मागे आली. हँडब्रेक ओढला. स्कूटरवाले काका आणि दोघं-तिघं धावले. माझ्या धुतलेल्या गाडीला सगळ्यांनी हात लावले. ढकलून पुन्हा तळघरात.

मेव्हणा फाटकाबाहेरच उभा होता. गाडी सुरू ठेवून. कधीपासून, ते विचारलं नाही. खाली आला, हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. बादली उचलून निघाला.

त्याची गाडी मोठी वगैरे काही नाही. गादी आणि बॅगा ठेवल्यावर तीनच माणसांची जागा उरली. तो म्हणाला, "भावोजी, तुम्ही चालवा. मी बसने येतो मागून. ऑटोमॅटिक आहे, काही करावं लागत नाही."

चांगला बोलला. नीट बोलला. आणि मी म्हणालो की मी पाळणा चालवत नाही. शिवाय गाडीजवळ कुणीतरी थांबायला हवं, ती अशी मध्येच आडवी उभी आहे, लोकांची गैरसोय होईल.

गाडी आडवी नव्हती. तोपर्यंत काकांनी ती कडेला लावली होती.

बायको त्याच्या गाडीत जाऊन बसली. बबी राहिलेलं सामान बघायला आमच्या गाडीपाशी आली. पाण्याची बाटली घेतली. मग वाकून खालचा गालिचा ओढून बाहेर काढला आणि विचारलं की हा देता का, तिथली फरशी गार आहे. मी म्हणालो, डाग आहे त्याच्यावर. म्हणाली, असू दे. मी म्हणालो, घाण आहे गं ते. म्हणाली, बाबा, असू दे ना.

गुंडाळून काखेत घेतला. मग माझ्याकडे नुसती बघत थांबली. माझे हात काळे होते म्हणून मी तिला जवळ घेतलं नाही. नवा ड्रेस होता.

गेली.

घरात जेवण झाकून ठेवलंय. भूक नाही. मी जायला हवं होतं. एवढं एक वाक्य लिहून ठेवतो, नंतर खोडता येईल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बायको सकाळी परतली. खोली बरी आहे म्हणाली. लहान, पण उजेड आहे. बबीने मामाला चहा करून दिला, नव्या भांड्यात. मी विचारलं, भांडं धुऊन घेतलं होतं का. बायको पिशवी रिकामी करायला लागली.

मेव्हणा रस्ताभर गाडी छान चालवत होता, ही माहिती न विचारता मिळाली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चमत्कार.

चिडून नट नेलपॉलिशच्या खुणेवर परत आणला. होता तिथे. म्हटलं, जाऊ दे, माशीवाल्याच्या हवाली करायची तर मूळ स्थितीत करू. सहज गाडी सुरू केली, क्लच दाबला. पेडल खाली गेलं, आणखी खाली गेलं. रिव्हर्स पडला. लोण्यात सुरी जावी तसा. पहिला पडला. दुसरा पडला. एकदाही दात नाही.

म्हणजे माझं काम बरोबरच होतं. केबल नवीन ताणाला सरावायला वेळ घेते. दोन दिवस विश्रांती मिळाली, बसली जागेवर. रविवारी सगळ्यांनी एवढी घाई केली नसती तर बबीला मीच सोडलं असतं. बायकोला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली.

गिअरचा प्रश्न सुटला. फक्त गाडी पुढे जात नाही. क्लचची प्लेट जळली आहे, ते वेगळं प्रकरण. गॅरेजवाला दोर बांधून ओढून घेऊन गेला. जाताना प्लास्टिकवर बसला. माझ्यात ओरडायचं त्राण नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

बबीचा फोन. नोकरी बरी आहे. साहेब बरा आहे. खोलीत एकच अडचण, दार उघडत नाही. अर्धं उघडतं आणि अडकतं. दोन दिवस ती आडवी होऊन आत शिरत होती.

मी लगेच निदान केलं. बिजागरी. दार खाली झुकलंय, खालून तासावं लागेल. म्हटलं, रविवारी येतो, रंधा घेऊन येतो, पाना घेऊन येतो, कुणाला हात लावू देऊ नकोस. मला एकदम बरं वाटायला लागलं होतं. हातात काम आल्यासारखं.

ती म्हणाली, "बाबा, झालं ते. गालिच्यामुळे अडकत होतं. मी तो जरा मागे ओढला. लागतं आता दार."

मी बरं म्हणालो.

तिकडे भांड्याचा आवाज झाला, बहुतेक ती उगाच काहीतरी इकडचं तिकडे करत होती. मला बूट रुतत होता ते आठवलं. मग पेडल खाली गेलं ते. मंगळवारी किती खाली गेलं होतं.

ती हळूच म्हणाली, "मला गाडीतच वाटलं होतं. पण म्हटलं, एवढी साधी गोष्ट तुम्ही आधीच बघितली असेल."

मी म्हणालो, अर्थात. पहिल्याच दिवशी बघितली होती.

ती म्हणाली, हो ना, मलाही तेच वाटलं. मग विचारलं, येताय ना रविवारी? दाराचं काही नाही, तरी या.

फोन ठेवला. बायकोने विचारलं, काय म्हणाली. सांगितलं, दार बिघडलं होतं, मी फोनवरून दुरुस्त केलं.

सोफ्याच्या कव्हरवरची चादर काढून धुवायला टाकली. स्वच्छ होती. तरी टाकली.

२३ नोव्हेंबर, रविवार. बसमध्ये.

अक्षर हलतंय. गाडी अजून गॅरेजात. रंधा आणलेला नाही. पाना आणलाय, असाच, पिशवीत पडला होता.

सीट चिकट आहे. खिडकीला आधीच्या कुणाच्यातरी तेलकट डोक्याचा ठसा. शेजारी संत्र्याची सालं. रुमाल अंथरून बसलो.

ड्रायव्हरच्या मागचीच जागा मिळाली होती. त्याच्या पायाखाली काही नाही. मॅट नाही, फडकं नाही, नुसता उघडा पत्रा, माती, खडे. घाणेरडा. क्लच दाबला की पेडल थेट त्या पत्र्याला जाऊन टेकतं आणि टक् असा आवाज येतो. मग गिअर पडतो.

चढ आला की टक्. उतार आला की टक्. स्टॉप आला, टक्.

उठून मागच्या सीटवर येऊन बसलो आहे. इथेही ऐकू येतं.